ठिपका आधी पडला

कारखान्यात त्याला सगळे ठिपके म्हणायचे. आडनाव नव्हतं ते, काम होतं. गाडीच्या पुढच्या चाकांकडे ब्रेकच्या नळ्या जातात. त्या नळीचा नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, एवढंच काम. हसू येत असेल तर हसून घ्या. पण ज्या गाडीत तुम्ही बायकापोरांना घालून फिरता, तिचा ब्रेक लागणार की नाही हे त्या ठिपक्यावर असतं.

लाईनवर पद्धत अशी होती की पाना एकानं मारायचा आणि ठिपका दुसऱ्यानं द्यायचा. पाना मारायचा पैलवान. दंड असे की बाही उसवायची. नट पुरता आवळला गेला की तो पाना 'कट्' असा आवाज करायचा. तो आवाज ऐकला तरच ठिपकेनं ब्रश टेकवायचा. मधे कधी बोलाचाली व्हायचीच.

"परत मार."

"मारला की."

"मला नाही ऐकू आलं."

"कान धू जरा."

"कान धुतो, तू पाना मार."

आणि पैलवान शिव्या घालत परत मारायचा. पुढे तपासणारा माणूस फक्त ठिपका बघायचा. दोन माणसांची साक्ष होती ती. एवढी वर्षं कधी तिच्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

मग धंदा बसायला लागला. आधी गाडीतला रेडिओ बाहेरच्या देशातून यायला लागला. कुणी काही बोललं नाही, रेडिओच तर आहे. मग दिवे, मग गिअर. मग एक दिवस अख्खं इंजिनच लाकडी खोक्यात बसून आलं आणि इंजिन शॉपला कुलूप लागलं. रस्त्यावर बाहेरच्या गाड्या दिसायला लागल्या. चकचकीत, स्वस्त आणि खोटं कशाला बोला, चांगल्या. सुपरवायझरनं पण तसलीच एक घेतली. आवारात आणायची लाज वाटायची, म्हणून मागच्या गल्लीत लावून चालत यायचा. वर म्हणायचा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

कारखान्यात बनलेल्या गाड्या मागच्या मैदानात जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथंच राहायच्या. घेणारंच कुणी नाही. छतावरचे दिवे एक सोडून एक काढून टाकले. कँटीनमधली टेबलं गेली. मग माणसं जायला लागली. आणि ती कशी जायची, ते ऐका. गेटावर हजेरीचं यंत्र होतं. कार्ड लावलं की हिरवा दिवा. ज्याचं नाव कमी झालंय त्याला लाल. कुणी बोलावून सांगायचं नाही, कुणाला चिठ्ठी नाही. यंत्र सांगायचं. त्यामुळे रोज सकाळी गेटावरची रांग अशी गप्प असायची, जसं काही आत कुणी मेलंय. ज्याला हिरवा लागला तो मागे न बघता आत पळायचा. मागच्याचं काय झालं हे बघायची कुणाची छाती होत नव्हती.

पैलवानला लाल लागला तेव्हा ठिपके त्याच्या मागेच होता. पैलवाननं कार्ड पँटला पुसलं आणि परत लावलं. परत लाल. मग तो वळला आणि म्हणाला, "यंत्र बिघडलंय वाटतं. तू लावून बघ." ठिपकेनं लावलं. हिरवा. पैलवान बाजूला झाला आणि त्यानं ठिपकेला हातानं आत ढकललं. "जा, लेका. जा."

त्याच दिवशी सुपरवायझर आला. "आजपासून पाना पण तूच मारायचा."

"आणि ठिपका?"

"तो तर तुझाच आहे."

"साहेब, पाना एकाचा, ठिपका दुसऱ्याचा, असं—"

"दुसरा कुठून आणू? तुझ्या खिशात आहे का?"

घरी बायको, एक पोरगी, आणि रोज सकाळी ते यंत्र. कोण बोलणार?

असेच दिवस चालले होते. मग एकदा बातमी आली की बाहेरची एक मोठी कंपनी कारखाना बघायला येतेय. पटला तर घेणार, नाही पटला तर कुलूप. ज्या दिवशी पाहुणे येणार होते त्या दिवशी सकाळी सुपरवायझरनं सगळ्यांना गोळा केलं. लाईनच्या वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी जायची. काही चुकलं तर कुणीही ती ओढायची. भोंगा वाजायचा आणि अख्खी लाईन थांबायची. सुपरवायझर त्या दोरीकडे बोट करून म्हणाला, "आज हिला कुणी हात लावायचा नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. बंद लाईन कुणी विकत घेत नाही."

पाहुणे आले. पांढऱ्या टोप्या, बूट धूळ न लागलेले. ठिपकेच्या मागेच येऊन उभे राहिले आणि आपसात काहीतरी बोलत बघत बसले. ठिपकेला मानेवर त्यांची नजर कळत होती. गाडी वरून टांगलेली यायची, नट डोळ्यांसमोर यायचा, तो हात उचलायचा, गाडी पुढे जायची. वेग चुकू नये एवढंच तो बघत होता. शेवटी ते पुढे सरकले. त्यानं श्वास सोडला, पुढची गाडी आली, पाना मारला.

कट्.

तो दचकला. आवाजाला दचकला. आणि मग का दचकलो ते कळलं. मघापासून हा आवाज आलाच नव्हता.

इतकी वर्षं नट समोर आला की त्याच्या हातानं ठिपकाच दिला होता. पाहुणे पाठीशी उभे राहिले, डोकं पळालं, आणि हात आपलं जुनं काम करत राहिला. पाना कमरेला तसाच. नट नुसते बोटांनी बसवलेले आणि वर पिवळा ठिपका, झकास.

पुढे ब्रेकचं तेल भरतात तिथं कळेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. पण पैलवान नेहमी सांगायचा ते आठवलं. बोटानं बसलेला नट फार लबाड. तेल भरताना गळणार नाही, तपासताना गळणार नाही. गिऱ्हाईक महिनाभर मजेत फिरेल. मग खड्ड्याखड्ड्याला तो फिरत जाईल, थोडा थोडा, आणि एक दिवस माणूस ब्रेक दाबेल तर पाय खालीच जाईल.

गाड्या पुढे चालल्या होत्या. ठिपकेनं पाहुण्यांकडे बघितलं. मग दोरीकडे. आजूबाजूला सगळे ओळखीचे चेहरे, प्रत्येकाच्या खिशात एकेक कार्ड. आपण ओढली तर यांच्या कार्डांचं काय? तो अजून हाच विचार करत होता आणि हात वर गेला होता. भोंगा वाजला. लाईन थांबली.

अशी शांतता त्या शॉपमध्ये कुणी ऐकली नव्हती.

सुपरवायझर आला तो जवळजवळ पळतच. तोंडावर हसू, दातांतून आवाज. "मेलास तू."

ठिपके पुढच्या गाडीपाशी गेला, ठिपका दिलेल्या नटाला दोन बोटं लावली आणि फिरवला. फिरला. पाहुण्यांनी पण बघितलं. पण सुपरवायझर म्हणजे कसलेला गडी. क्षणात वळला आणि पाहुण्यांच्या भाषेत फाडफाड बोलायला लागला. हात ठिपकेच्या खांद्यावर. पाहुणे मान डोलवायला लागले. एकानं तर येऊन ठिपकेचा हात हातात घेतला.

"काय सांगितलंत त्यांना?" ठिपकेनं नंतर विचारलं.

"सांगितलं की आमचा माणूस चूक लपवत नाही, लाईन थांबवतो. खूश झाले. नशीबवान आहेस, गाढवा."

त्या पाचसहा गाड्या परत आवळल्या. दरवाजे बसवणारा एक जण ठिपकेच्या समोरच्याच घरात राहायचा, सगळे त्याला दरवाजेवाला म्हणायचे. त्यानं लांबून टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी पण वाजवल्या. ठिपकेचं मात्र टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. आज हात चुकला तो पाहुण्यांमुळे. पण पाहुणे नसताना कधी चुकला नसेल कशावरून? बायको आजारी होती तेव्हा? शेजारच्याला लाल लागला त्या सकाळी? पैलवान गेल्यापासून एकाही गाडीला दुसऱ्याची साक्ष नव्हती. आणि त्या सगळ्या गाड्या मागच्या मैदानात उभ्या होत्या.

सुट्टी झाल्यावर तो सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, मैदानातल्या गाड्या तपासायला पाहिजेत."

"कुठल्या?"

"पैलवान गेल्यापासूनच्या. सगळ्या."

सुपरवायझरनं उठून दार लावलं. मगाचचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "ऐक. त्यांनी जवळजवळ हो म्हटलंय. परवा ट्रेलर येणार, गाड्या कंपनीच्या दुकानांत जाणार, मैदान रिकामं होणार, मग सह्या. आणि तू आता सांगणार की तिथली प्रत्येक गाडी खोटी आहे?"

"खोटी आहे असं नाही. माहीत नाही म्हणतोय."

"ते जास्त वाईट आहे! तोंड उघडलंस तर सगळ्यांची कार्डं लाल. सगळ्यांची. आणि कुणामुळे, ते मी एकेकाच्या घरी जाऊन सांगेन."

घरी आल्यावर ताटावर बसला आणि तसाच उठला. बायकोनं पोरगीला बाहेर पाठवलं आणि समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. ती आधी घाबरलीच. "गप्प बसा हो. एवढे लोक आहेत, तुम्हीच कशाला? काही होत नाही. सगळ्या थोड्याच सैल असतील."

"नसतील."

"मग झालं तर. कोण घेणार आहे त्या गाड्या?"

"कोण म्हणजे? कुणीही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवताना ती म्हणाली, "कुणीही म्हणालात ना काल. डोळा लागला नाही माझा. पैलवानभावजींकडे जा."

पैलवान आता एका गोदामात पोती उचलायचा. दारात बनियनवर बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मी नाही तर तुझं पान हलत नाही. हे मी आधीपासून सांगत होतो."

"चेष्टा नको. पाना आहे?"

"पाना? कारखान्याचा पाना मी घरी आणेन होय?" मग आत गेला आणि पलंगाखालून पाना काढून आणला. "आणला होता. आठवण म्हणून. कुणाला सांगू नकोस."

मैदानाच्या फाटकावर पहारेकरी म्हातारा होता. पैलवानला बघून म्हणाला, "तुझं नाव नाही आत सोडायला."

"माहीत आहे. माझं नाव कुठंच नाही."

म्हाताऱ्यानं दोघांकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. "मी चहाला जातो. आज चहा जरा सावकाश पिणार आहे."

आत ओळीनं गाड्या. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. काचांवर धूळ, टायरमधून गवत वर आलेलं. नव्याकोऱ्या गाड्या आणि दिसायला जणू टाकून दिलेल्या. ठिपके चाकामागून जमिनीवर आडवा व्हायचा, बोटांनी नट चाचपायचा, मग पैलवान पाना मारायचा. कट् आलं की ठिपके पहिल्या ठिपक्याच्या शेजारी दुसरा ठिपका द्यायचा. पहिली ओळ झाली. सगळं घट्ट. दुसरी ओळ अर्धी झाली. घट्ट. ठिपकेला वाटायला लागलं, आपण उगाच घाबरलो. उगाच बायकोला जागवलं.

मग एका लाल गाडीखाली त्याची बोटं थांबली.

"काय?" पैलवाननं विचारलं.

"फिरतोय."

पैलवान गुडघ्यावर बसला. थट्टामस्करी संपली. त्यानं नुसतं पाना पुढे केला. त्याच ओळीत अजून एक निघाला. तिसऱ्या ओळीच्या टोकाला अजून एक, त्यावर ठिपका असा गोल गरगरीत, जसा मन लावून दिलेला. ठिपकेनं त्यावरून अंगठा फिरवला. आपलाच हात, आणि आपल्याला काही पत्ता नाही. पुढच्या ओळीत किती? त्याच्या पुढच्या?

तेवढ्यात फाटकाचा आवाज आला. ट्रेलर. एक दिवस आधीच. पुढे सुपरवायझर, त्याच्या त्या बाहेरच्या गाडीत, आज लाज गुंडाळून आत आणलेली.

"बाहेर निघ!" तो लांबूनच ओरडला. "आणि हा इथं कसा?"

"फिरायला आलोय," पैलवान म्हणाला. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

ठिपके गाडीखालीच राहिला. धैर्य म्हणून नाही हं. बाहेर येऊन साहेबांच्या तोंडावर हे बोलता आलं नसतं. तिथूनच बोलला. "साहेब, तीन निघाल्या. अजून अर्धं मैदान आहे. आज या गाड्या घेऊन जाऊ देऊ नका."

"तीनच ना? आवळल्या ना? झालं मग! ट्रेलर लावा रे."

ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला होता. काळासावळा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. त्यानं विचारलं, "काय सैल निघालं?"

"तुला काय करायचंय?" सुपरवायझर म्हणाला.

"मला नाही तर कुणाला? या गाड्या ट्रेलरवरून मीच उतरवतो. फळीवरून, मागे मागे, पाय ब्रेकवर ठेवून. खाली माझा पोरगा उभा असतो हात दाखवायला." मग गाडीखाली वाकून त्यानं ठिपकेलाच विचारलं, "भाऊ, काय सैल आहे?"

सुपरवायझर ठिपकेकडे बघत होता. पैलवान पण. ठिपकेला गेटावरची ती रांग दिसली, सगळ्यांच्या हातात कार्ड.

"ब्रेकच्या नळीचा नट," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलाय. कुठल्या कुठल्या गाडीत, ते सांगता येत नाही."

ड्रायव्हर सरळ झाला, ट्रेलरकडे गेला आणि त्यानं आपल्या मालकाला फोन लावला. मालकानं कारखान्याच्या मोठ्या साहेबांना लावला आणि ट्रेलर रिकामाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शॉपच्या माणसांना मैदानात लावलं. एक एक गाडी तपासली. अजूनही निघाल्या. पाहुणे आले, ऊन नको म्हणून सावलीत उभे राहिले, बघितलं आणि गेले. या वेळी कुणी हात हातात घेतला नाही. पुढे त्यांचं काही कळेनाच. आणि मग एका सकाळी रांगेतल्या पहिल्याला लाल लागला, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला लाल. ठिपके मधे कुठंतरी होता. त्याचा नंबर येईपर्यंत मागचे लोक कार्ड न लावताच परत फिरले होते. त्यानं तरीही लावलं.

हे त्याच्यामुळे झालं का? पाहुण्यांना म्हणे फक्त कंपनीचं नाव आणि दुकानं पाहिजे होती, कारखाना ते असाही बंदच करणार होते. असं म्हणणारे होते. ठिपकेनं बुडवलं म्हणणारे जास्त होते. दरवाजेवाला तर भर रस्त्यात म्हणाला. ठिपकेची बायको भाजीची पिशवी घेऊन चालली होती, तिथंच थांबली. "बुडवलं म्हणता? मग तुमची पोरं त्या गाडीत बसवायची होती, मी आनंदानं निरोपाला हात केला असता." तो खाली मान घालून निघून गेला. पण समोरचं दार त्या दिवसापासून बंद राहायला लागलं, आणि ठिपके काम शोधायला बाहेर पडताना आधी खिडकीतून गल्ली बघायचा. लोक शिव्या देतात याची त्याला भीती नव्हती. ते खरं बोलत असतील याची होती.

मैदानातल्या गाड्या शेवटी मिळेल त्या भावाला काढल्या. कामगारांना आधी.

एका दुपारी दार वाजलं. दरवाजेवाला. बायकोनं पदर खोचला, भांडायच्या तयारीनं. पण तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ठिपके आहेत का घरात?"

ठिपके बाहेर आला.

"गाडी घेतलीय त्यातली. आई आणि पोरांना गावाला सोडायचंय. तिकडे घाट आहे." तो थांबला. "सगळ्या तपासल्या होत्या ना आपण?"

"तपासल्या होत्या."

"मग झालं." तरी तो हलेना. जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही पुढे बसता का? घाट उतरेपर्यंत. मग मी आणून सोडतो."

ठिपकेनं बायकोकडे बघितलं. तिनं त्याचा शर्ट आणून दिला. तो आधी गाडीखाली गेला, दोन्ही चाकांमागे हात घालून आला. घट्ट होतं. मग पुढच्या सीटवर बसला. मागे म्हातारी, दोन पोरं, गठुडी. पोरं खिडकी उघडी की बंद यावर भांडत होती. म्हातारी म्हणाली, "छान आहे हो गाडी. तुम्हीच बनवली ना?"

"सगळ्यांनी, आई," ठिपके म्हणाला.

घाटाच्या माथ्यावर गाडी क्षणभर सपाटीला आली. पुढे रस्ता खाली वळत गेलेला दिसत होता. दरवाजेवाल्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गाडी उतारावर सोडली. वेग धरू लागली तसा ठिपकेचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला आणि समोरच्या रिकाम्या पत्र्यावर जीव खाऊन दाबला गेला.